व्हिडिओ होता, तरी शिक्षा रद्द का झाली?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे इतर वाचकांनाही संदर्भ लागेल. तुम्ही पुण्यात कायद्याच्या शेवटच्या वर्षाला आहात. 'स्टेट विरुद्ध मंडे' हा अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाचा २०११ चा निकाल तुम्ही वाचला आणि तो तुम्हाला पटला नाही. भर रस्त्यात गोळीबार होऊन एक माणूस मेला, त्याचा व्हिडिओ होता, आरोपीने पोलिसांपुढे दिलेला जबाब होता. सरकारी वकील दोनचार वाक्यं वाईट बोलला म्हणून खुनाची शिक्षाच रद्द करायची? वकिलाला दंड करा, सनद काढून घ्या, पण मेलेल्या माणसाच्या घरच्यांचा यात काय गुन्हा? आणि संपूर्ण अमेरिकेत हाच नियम आहे का?

मी याच राज्यात आरोपींच्या बाजूने अपिलं चालवते, तेव्हा माझा कल उघड आहे. पण तुमचा आक्षेप पोरकट नाही. अपिलाच्या सुनावणीत सरकारी बाजू जवळजवळ रोज हाच मुद्दा मांडते आणि बहुतेक न्यायालयं तो मान्यही करतात. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी घडलं काय ते बघू. २००६ च्या एप्रिलमध्ये सिएटलच्या पायोनियर स्क्वेअर भागात गोळीबार झाला. केव्हिन मंडे या कृष्णवर्णीय तरुणावर खुनाचा खटला चालला. साक्षीला आलेल्यांपैकी बरेच जण कृष्णवर्णीय होते आणि त्यातले काही जण कोर्टात मोकळेपणाने बोलायला तयार नव्हते. इथपर्यंत जगावेगळं काही नाही. गोळी झाडणाऱ्याविरुद्ध साक्ष द्यायला माणसं घाबरतात, मग ती कुठल्याही वस्तीतली असोत. सरकारी वकील ज्यूरीला एवढंच सांगू शकला असता की हे साक्षीदार घाबरले आहेत, त्यांचं बोलणं व्हिडिओशी ताडून बघा. त्यात काहीच गैर नव्हतं.

तो बोलला ते वेगळंच. समारोपाच्या भाषणात त्याने ज्यूरीला सांगितलं की साक्षीदार डोळ्यांना दिसणारी गोष्ट नाकारतात याचं एकच स्पष्टीकरण आहे, त्यांचा एक अलिखित नियम आहे, आणि तो नियम असा की काळी माणसं काळ्या माणसांविरुद्ध साक्ष देत नाहीत. त्याआधी एका कृष्णवर्णीय साक्षीदार बाईला प्रश्न विचारताना त्याने 'पोलीस' हा इंग्रजी शब्द मुद्दाम हेल काढून, तिच्या समाजाच्या बोलीची नक्कल केल्यासारखा, पुन्हा पुन्हा उच्चारला. कोर्टाच्या लघुलेखनात तो उच्चार जसाच्या तसा उतरला, म्हणून तो आज नोंदीत आहे. न्यायालयाने म्हटलं की अशा उच्चाराचा एकच हेतू दिसतो: साक्षीदार कोणत्या वंशाची आहे याकडे ज्यूरीचं लक्ष वेधणं आणि 'ही माणसं एकमेकांना सांभाळून घेतात' हे ठसवणं. चुगली न करण्याचा असा काही संकेत असेलही, पण तो फक्त काळ्या माणसांचा आहे असं म्हणायला नोंदीत कुठलाच आधार नव्हता.

या वाक्याने काय केलं ते नीट पाहा. त्याने एका साक्षीदाराला खोटं ठरवलं नाही, एका वंशाच्या सगळ्याच माणसांना साक्षीदार म्हणून बाद केलं. जी साक्ष आरोपीला उपयोगी पडली असती ती 'आपल्या माणसाला वाचवायला बोलतायत' म्हणून वाया गेली. जी सरकारच्या उपयोगाची होती तिला उलट जास्त वजन आलं, कारण 'त्यांच्यातलासुद्धा बोलला बघा'. आणि आरोपी स्वतः त्याच वंशाचा, त्यामुळे तोही त्याच हिशेबात आला. साक्षीदारावर विश्वास ठेवायचा की नाही हे ज्यूरीने त्याच्या बोलण्यावरून, वागण्यावरून, बाकीच्या पुराव्यावरून ठरवायचं असतं. इथे ते चामडीच्या रंगावरून ठरवा, असं त्यांना राज्याचा प्रतिनिधी सांगत होता.

'राज्याचा प्रतिनिधी' हे मी उगाच म्हणत नाही. सरकारी वकिलाचं काम जिंकणं नाही, न्याय होईल हे पाहणं आहे, हे तत्त्व अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९३५ साली 'बर्जर' खटल्यात न्यायमूर्ती सदरलंड यांच्या लेखणीतून मांडलं. सरकारी वकिलाने जोरदार घाव घालायला हरकत नाही, पण तो नियम सोडून घाव घालू शकत नाही, असा त्यांचा आशय. तुम्ही आपल्याकडचा १९९९ चा 'शिवकुमार विरुद्ध हुकुमचंद' वाचला असेलच. सरकारी वकिलाने काहीही करून शिक्षा मिळवण्याच्या मागे लागू नये, हेच तिथेही आहे. सर्वसामान्य ज्यूररला वाटतं की बचावाचा वकील पैसे घेऊन बोलतो आणि सरकारी वकील आपल्या सगळ्यांच्या वतीने बोलतो. म्हणूनच त्याच्या तोंडून आलेला पूर्वग्रह जास्त खोल जातो.

आता ज्यूरीचा भाग. तुमच्या प्रश्नात तो गृहीत धरला गेलाय असं मला वाटलं, आणि तिथेच खरी मेख आहे. भारतात सत्र न्यायाधीश निकालपत्र लिहितात. कोणत्या साक्षीदारावर विश्वास ठेवला, कोणावर नाही आणि का, हे कागदावर येतं. न्यायाधीशांच्या मनात पूर्वग्रह असेल तर तो त्या कारणांमध्ये कुठेतरी डोकं वर काढतो आणि वरच्या न्यायालयाला तो धरता येतो. ज्यूरी कारणं देत नाही. बारा माणसं बंद खोलीत बसतात आणि बाहेर येऊन एक शब्द सांगतात, दोषी किंवा निर्दोष. मुंबईच्या सत्र न्यायालयात १९५९ साली नानावटी खटल्यातल्या ज्यूरीने आठ विरुद्ध एक अशा मतांनी 'निर्दोष' म्हटलं, तेव्हा त्यामागची कारणं त्यांनाही द्यावी लागली नव्हती. न्यायाधीशांना तो निर्णय पटला नाही, म्हणून प्रकरण उच्च न्यायालयाकडे गेलं. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत तर ज्यूरीला जागाच उरली नाही. अमेरिकेत ज्यूरी हा घटनेने दिलेला हक्क आहे, आणि ज्यूरीची कारणं गुप्त राहणं हा त्या व्यवस्थेचाच भाग आहे. मग सरकारी वकिलाच्या वाक्याने निकालावर परिणाम झाला की नाही, हे वरच्या न्यायालयाने कसं ओळखायचं? प्रामाणिक उत्तर असं आहे की ओळखता येत नाही. ते अंदाज करतात. सगळा वाद यावर आहे की अंदाज चुकण्याचा धोका कोणी पत्करायचा.

संघीय, म्हणजे केंद्राच्या, न्यायालयांनी तो धोका बहुतांशी आरोपीवर टाकलेला आहे. तिथली कसोटी १९७४ च्या 'डोनेली' खटल्यातून आलेली. वकिलाचं बोलणं नुसतं अनुचित असून भागत नाही, त्याने संपूर्ण खटलाच इतका दूषित झालेला असला पाहिजे की झालेली शिक्षा घटनेतल्या न्याय्य प्रक्रियेच्या हमीचा भंग ठरावी. ही कसोटी व्यवहारात किती कडक आहे ते १९८६ च्या 'डार्डन विरुद्ध वेनराइट'मध्ये दिसलं. फ्लोरिडातला खटला, आरोपी कृष्णवर्णीय, मारला गेलेला गोरा. सरकारी वकील ज्यूरीपुढे आरोपीला 'जनावर' म्हणाला, गळ्यात साखळी असल्याशिवाय त्याला कोठडीबाहेर काढू नये म्हणाला, बंदुकीच्या गोळीने त्याचा चेहरा उडालेला मला पाहायला मिळावा अशी इच्छाही बोलून दाखवली. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी ठरवलं की हे बोलणं निषेधार्ह आहे, पण खटला अन्याय्य ठरला नाही, कारण पुरावा भक्कम होता. १९८८ साली विली डार्डन यांना विजेच्या खुर्चीवर मृत्युदंड देण्यात आला.

निषेध करायचा आणि शिक्षा कायम ठेवायची, हा प्रकार मी इतक्या निकालपत्रांत वाचलाय की त्याचा मला मनापासून राग आहे. न्यायाधीश कडक शब्द लिहितात, सरकारी वकील शिक्षा टिकवून घरी जातो, आणि पुढच्या खटल्यात बोलणाऱ्याला जे कळायचं ते कळतं.

'डार्डन'च्या निकालानंतर पुढच्याच वर्षी, १९८७ मध्ये, 'मॅक्लेस्की विरुद्ध केम्प'च्या एका तळटीपेत त्याच न्यायालयाने लिहिलं की वंशाच्या आधारे केलेला सरकारी युक्तिवाद घटनेला मान्य नाही. तत्त्व इतकं स्पष्ट आहे. अडतं ते उपायापाशी.

२०१३ चं 'कॅल्हून' प्रकरण वाचा, तुमच्या अभ्यासाला 'मंडे'इतकंच उपयोगी पडेल. टेक्सासमध्ये अमली पदार्थांच्या कटाचा खटला. बोंगानी कॅल्हून यांचं म्हणणं असं की मी मित्रांबरोबर सहलीला आलो होतो, व्यवहाराची मला कल्पना नव्हती. मित्र पैशांनी भरलेली पिशवी घेऊन आले तेव्हा मला तिथे थांबायचं नव्हतं. त्यावर सरकारी वकिलाने उलटतपासणीत विचारलं: आफ्रिकन अमेरिकन माणसं आहेत, हिस्पॅनिक माणसं आहेत, पिशवीभर पैसे आहेत, तरी हा ड्रग्जचा व्यवहार आहे हे तुमच्या डोक्यात आलं नाही? लक्षात घ्या, त्या खटल्यात वादाचा मुद्दाच 'त्याला माहीत होतं का' एवढा होता, आणि त्या प्रश्नाचं उत्तर सरकारने लोकांच्या वंशावरून सुचवलं. अपिलात सरकारने आधी या प्रश्नाला फक्त 'शहाणपणाचा नव्हता' इतपत म्हटलं. प्रकरण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत आलं तेव्हा तिथल्या न्यायमूर्ती सोनिया सोटोमायर यांनी, न्यायमूर्ती ब्रेयर यांच्या सहमतीने, स्वतंत्र निवेदन लिहून त्याचा कडक समाचार घेतला. असं प्रकरण पुन्हा कधी बघायला लागू नये, या आशेवर त्यांनी ते संपवलं. पण प्रकरण ऐकायला घ्यावं असं त्यांनीही म्हटलं नाही. कारण खटल्याच्या वेळी बचावाच्या वकिलाने हरकतच घेतली नव्हती, आणि पुढे अपिलातही मुद्दा योग्य रीतीने मांडला गेला नव्हता.

हरकतीचा हा प्रश्न बाहेरून सोपा वाटतो. तुम्हीही विचाराल, मग हरकत का घेतली नाही? सरकारी वकील बोलत असतो, बारा माणसं ऐकत असतात. तुम्ही उठून 'हरकत आहे, हे वंशभेदी आहे' म्हणालात की खोलीतलं प्रत्येक डोकं आरोपीकडे वळतं. न्यायाधीश ज्यूरीला सांगतात, 'हे वाक्य विचारात घेऊ नका.' त्या सूचनेने वाक्य पुन्हा एकदा आठवणीत ठसतं. अशा सूचनेने पूर्वग्रह पुसला जातो ही भाबडी समजूत निव्वळ कल्पना आहे हे प्रत्येक वकिलाला ठाऊक असतं, असं न्यायमूर्ती रॉबर्ट जॅक्सन यांनी १९४९ मध्येच लिहून ठेवलंय. मग ज्यूरीला बाहेर पाठवून खटला रद्द करण्याची मागणी करायची, तर आरोपीला पुन्हा कित्येक महिने तुरुंगात वाट बघावी लागते. या सगळ्याचा विचार दोन सेकंदांत करायचा असतो. बरेच वकील गप्प बसतात, आणि त्या गप्प बसण्याची किंमत त्यांचा अशील मोजतो. तरीही कोणत्याही तरुण वकिलाला मी हेच सांगते की हरकत घ्या. जमल्यास न्यायाधीशांच्या टेबलाजवळ जाऊन, ज्यूरीच्या कानाआड घ्या, पण नोंदीवर आणा. कॅल्हून यांचं अपील जिथे अडलं ती जागा तीच होती.

आता 'मंडे'कडे परत येऊ. वॉशिंग्टनच्या न्यायालयाने तिथे एकच गोष्ट बदलली, पण ती मुळाची होती. सरकारी वकिलाने उघडपणे किंवा वरवर पाहता हेतुपूर्वक वंशाच्या पूर्वग्रहाला हात घातला, आणि त्यामुळे आरोपीची विश्वासार्हता किंवा त्याला निर्दोष धरण्याचं तत्त्व दुबळं झालं, तर शिक्षा रद्द होईल. ती वाचवायची असेल तर ज्यूरीच्या निर्णयावर परिणाम झाला नाही हे सरकारने वाजवी संशयाच्या पलीकडे सिद्ध करावं. म्हणजे अंदाज चुकण्याचा धोका ज्याने चूक केली त्याच्याकडे गेला. मला यात न्यायशास्त्राची कसरत दिसत नाही, साधा हिशेब दिसतो.

पण व्हिडिओ होता ना, हा तुमचा मुद्दा शिल्लक राहतोच. व्हिडिओत काय दिसतं याचा वकील म्हणून विचार करा. हात दिसतो, गोळी दिसते, माणसं पळताना दिसतात. पहिल्या दर्जाच्या खुनासाठी मात्र आधीपासून ठरवून मारण्याचा हेतू सिद्ध करावा लागतो, आणि हेतू कॅमेऱ्यात येत नाही. पोलिसांपुढे मंडे यांनी गोळ्या झाडल्याचं मान्य करताना जीव घ्यायचा नव्हता असं सांगितलं होतं. ठरवून मारलं, क्षणात मारलं की बेफिकिरीने गोळ्या झाडल्या, यावर गुन्ह्याचा दर्जा ठरतो आणि शिक्षेची वर्षंही. आणि हेतू ठरवताना ज्यूरर समोरच्या माणसाला 'वाचत' असतो: हा कसा आहे, याचं बोलणं खरं मानायचं का. वंशाविषयीचा पूर्वग्रह काम करतो तो नेमका याच जागी. 'पुरावा भक्कम होता' हे वाक्य कोणी लिहिलं की मी पहिला प्रश्न विचारते, कशाचा पुरावा? माणूस तिथे होता याचा, की त्याच्या मनात काय होतं याचा?

दुसरंही एक आहे. पुरावा भक्कम असला की वंशभेदी बोलणं खपून जाईल, असा नियम केला तर ज्याच्यावर भक्कम पुरावा आहे अशा प्रत्येक आरोपीच्या खटल्यात ते बोलायला मोकळीक मिळते. न्याय्य खटल्याचा हक्क निर्दोष माणसांसाठी राखून ठेवलेला नाही. कोण निर्दोष हे खटला संपेपर्यंत माहीतच नसतं.

आणि वंशभेदी शिवी आज कोर्टात कोणी देत नाही. अलाबामात १९३३ साली कृष्णवर्णीय मुलांवर चाललेल्या स्कॉट्सबरो खटल्यात, न्यूयॉर्कहून आलेला ज्यू वकील बचाव करत असताना, सरकारी वकील ज्यूरीला उघड म्हणाला होता की न्यूयॉर्कच्या ज्यू पैशाने अलाबामाचा न्याय विकत घेता येत नाही हे दाखवून द्या. तो काळ गेला. आता आडून बोललं जातं, आणि आडून बोललेलं जास्त परिणाम करतं, कारण ऐकणाऱ्याला आपण पूर्वग्रहाने विचार करतोय हे स्वतःलाही कळत नाही. 'मंडे'च्या निकालात हे स्पष्ट लिहिलंय आणि वॉशिंग्टनच्याच पुढच्या दोन निकालांत त्याचा कस लागला.

पहिला 'झमोरा', २०२२ चा. मोझेस लेक नावाच्या गावातला आरोपी जोसेफ झमोरा, अमेरिकन नागरिक. पोलिसांशी झटापट झाली, त्यात तो स्वतः मरता मरता वाचला, आणि खटला चालला तो त्याच्यावर, पोलिसांवर हल्ला केल्याचा. ज्यूरी निवडताना सरकारी वकिलाने होऊ घातलेल्या ज्यूररना सीमेच्या सुरक्षेबद्दल, बेकायदा घुसखोरांबद्दल, सीमेपलीकडून येणाऱ्या ड्रग्जबद्दल प्रश्न विचारले. खटल्याचा स्थलांतराशी काडीमात्र संबंध नव्हता. आरोपीचं आडनाव तेवढं लॅटिनो, म्हणजे लॅटिन अमेरिकी वळणाचं, होतं. कुठेही शिवी नाही, आरोपीचा उल्लेखही नाही, आणि हे सगळं पुराव्याचा पहिला शब्द बोलला जायच्या आधी. बचावाच्या वकिलाने इथेही हरकत घेतली नव्हती. तरीही वॉशिंग्टनच्या सर्वोच्च न्यायालयाने शिक्षा रद्द केली. वकिलाच्या मनात खरंच काय होतं हे शोधत बसायचं नाही. अमेरिकेतल्या वंशभेदाचा इतिहास आणि नकळत होणारे पूर्वग्रह ज्याला माहीत आहेत अशा तटस्थ निरीक्षकाला ते बोलणं कसं दिसेल, हे बघायचं, असं त्यांनी ठरवलं. विषय काय होता, किती वेळा बोललं गेलं, कशासाठी बोललं गेलं असं दिसतं, आणि पुराव्यात त्याला आधार होता का, हे तपासायचं.

दुसरा 'बॅग्बी', २०२३ चा. आरोपी कृष्णवर्णीय विद्यार्थी, अमेरिकन नागरिक. सरकारी वकील साक्षीदारांना पुन्हा पुन्हा त्याचं 'राष्ट्रीयत्व' विचारत राहिला. ओळख पटवण्यासाठी त्याची गरज नव्हती. एखादा म्हणेल, चुकून शब्द गेला असेल. एकदा गेला असता तर मीही म्हटलं असतं.

जनावरांच्या उपमांचं तर काय सांगू. दक्षिण कॅरोलिनात जॉनी बेनेट या धिप्पाड कृष्णवर्णीय आरोपीला मृत्युदंड द्यावा म्हणून सरकारी वकिलाने सगळे गोरे असलेल्या ज्यूरीपुढे त्याला 'किंग काँग' म्हटलं, 'राक्षस' म्हटलं, 'गुहेतला माणूस' म्हटलं. राज्याच्या न्यायालयांना त्यात वंशाचा संबंध दिसला नाही. नंतर एका ज्यूररला विचारण्यात आलं की बेनेटने खून का केला असं तुम्हाला वाटतं, तेव्हा त्याने काळ्या माणसांसाठी वापरली जाणारी सर्वांत घाणेरडी शिवी वापरून उत्तर दिलं. अखेर २०१६ मध्ये मृत्युदंड रद्द करण्याचा निर्णय संघीय अपील न्यायालयाने कायम केला. त्यात मत लिहिणारे न्यायाधीश विल्किन्सन हे परंपरावादी म्हणून ओळखले जाणारे आहेत, तेव्हा हा काही एका गटाचा राजकीय विषय आहे असं समजू नका. कॅलिफोर्नियात मृत्युदंड मागताना आरोपीला 'बंगालचा वाघ' म्हणायची सरकारी वकिलांना सवय होती: इथे कोर्टात तो पिंजऱ्यातल्या वाघासारखा शांत दिसतोय, जंगलात बघा. तिथल्या न्यायालयांनी ते वर्षानुवर्षं चालवून घेतलं.

ते बंद केलं विधिमंडळाने. कॅलिफोर्नियाचा वांशिक न्याय कायदा २०२० मध्ये संमत झाला, १ जानेवारी २०२१ पासून लागू झाला. खटल्यात सरकारी वकील, न्यायाधीश, पोलीस, तज्ज्ञ साक्षीदार किंवा ज्यूरर यांनी आरोपीबद्दल वंशभेदी भाषा वापरली तर हेतू सिद्ध करण्याची गरज नाही. आरोपीची जनावराशी तुलना करणंही त्या व्याख्येत नाव घेऊन घातलेलं आहे. संशयिताचं शारीरिक वर्णन करणं, किंवा दुसऱ्याने वापरलेले शब्द खटल्याशी संबंधित म्हणून सांगणं, यांना सूट आहे. ही सूट महत्त्वाची आहे, कारण वंशाचा उल्लेख झाला की खटला बाद, असं कोणीच म्हणत नाही. 'हिरवं जॅकेट घातलेला काळा माणूस पळाला' ही साक्ष आहे. ज्यूरी निवडताना बचावाचा वकील 'काळ्या आरोपीकडे तुम्ही तटस्थपणे बघू शकाल का' विचारतो तेही योग्यच. उत्तर कॅरोलिनाने तर २००९ मध्येच मृत्युदंडापुरता असा कायदा केला होता, पण २०१३ मध्ये तो मागे घेतला.

म्हणजे तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर 'नाही' असं आहे. वॉशिंग्टन आणि कॅलिफोर्निया पुढे गेलेत. संघीय न्यायालयांत आणि बऱ्याच राज्यांत अजून आरोपीला परिणाम दाखवावा लागतो. एकच वाक्य सिएटलमध्ये बोललं गेलं तर शिक्षा रद्द आणि सॅन अँटोनियोत बोललं गेलं तर कायम, ही स्थिती मला असह्य वाटते.

वकिलालाच शिक्षा करा, हे तुमचं म्हणणं मलाही मान्य झालं असतं, जर तसं होत असतं. १९७६ च्या 'इम्ब्लर विरुद्ध पॅक्टमन'नुसार खटला चालवताना केलेल्या कृत्यांबद्दल सरकारी वकिलावर नुकसानभरपाईचा दावाच करता येत नाही. बारकडे तक्रार करता येते, पण समारोपाच्या भाषणातल्या वाक्यांवरून सनदेवर गदा येणं फार विरळा. जिल्ह्यातले मुख्य सरकारी वकील बहुतेक राज्यांत निवडणुकीने येतात आणि शिक्षा मिळवल्याच्या बळावर पुन्हा निवडून येतात. अशा वेळी शिक्षा रद्द होणं हा एकच परिणाम त्यांच्या कार्यालयापर्यंत पोहोचतो. 'मंडे'नंतर इथल्या सरकारी वकिलांच्या प्रशिक्षणात हा निकाल शिकवला जातो; 'डार्डन' वाचून कोणी बोलणं बदललं असेल असं मला वाटत नाही.

राहिला मृताच्या कुटुंबाचा प्रश्न, आणि तो सगळ्यात जड आहे. शिक्षा रद्द झाली म्हणजे आरोपी सुटला असं नाही. अशा कारणाने रद्द झालेल्या शिक्षेनंतर सरकार पुन्हा खटला चालवू शकतं. एकाच गुन्ह्यासाठी दोनदा खटला न चालवण्याचा नियम त्याच्या आड येत नाही. तोच व्हिडिओ, तेच साक्षीदार, तीच ज्यूरी पद्धत, फक्त ते वाक्य वगळून. पण कुटुंबाला सगळं पुन्हा ऐकावं लागतं, पुन्हा त्या बाकावर बसावं लागतं, हे खरं आहे आणि त्याला हलकं मानणाऱ्या वकिलाबरोबर मी काम करणार नाही. माझं म्हणणं इतकंच की हा त्रास अपील न्यायालयाने दिलेला नाही. हातात भक्कम खटला असताना ज्याला तेवढ्याने समाधान झालं नाही, त्याने तो दिला.

जाता जाता इथल्या मराठी वाचकांसाठी. बेलव्ह्यू, रेडमंड, सॅन होजे भागात आपल्यातले अनेक जण आता नागरिक आहेत आणि ज्यूरीचं बोलावणं घरी येतंच. ते चुकवू नका. निवडीच्या वेळी तुम्हाला न्यायाधीशांनी पूर्वग्रहाबद्दल विचारलं तर खरं उत्तर द्या. आणि चर्चेच्या खोलीत एखादा ज्यूरर 'त्या लोकांचं असंच असतं' म्हणून मत बनवत असेल तर तिथेच न्यायाधीशांना चिठ्ठी पाठवता येते. ज्यूरीच्या चर्चेची गुप्तता साधारणपणे मोडता येत नाही, पण २०१७ च्या 'पेन्या-रॉड्रिगेझ' खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने वंशभेदासाठी अपवाद केला. तिथे एका ज्यूररने मेक्सिकन पुरुषांबद्दल काढलेले उद्गार दोन सहकारी ज्यूररनी खटल्यानंतर वकिलाला सांगितले, म्हणून ते उघड झाले.

आणि तुमच्या वर्गात तुम्हाला सरकारची बाजू मांडायची असेल, तर 'मंडे'मधलं न्यायमूर्ती जेम्स जॉन्सन यांचं एकट्याचं विरोधी मत नीट वाचा. पुरावा इतका होता की चुकीने फरक पडला नसता, हा युक्तिवाद तिथे पूर्ण ताकदीने आहे. त्यानंतर तेव्हाच्या मुख्य न्यायमूर्ती बार्बरा मॅडसन यांचं सहमतीचं स्वतंत्र मत वाचा. बहुमताने सरकारला परिणाम झाला नसल्याचं सिद्ध करायची संधी ठेवली होती. मॅडसन यांचं म्हणणं होतं की खटल्यात वंशभेद आणला गेला तर ती संधीही देऊ नये. अकरा वर्षांनी 'झमोरा'मध्ये संपूर्ण न्यायालय जवळजवळ तिथेच पोहोचलं. तुमच्या प्राध्यापकांनी प्रश्न विचारला तर याच दोन मतांमधल्या अंतरावर विचारतील.